कंपनी कोणती?

भाचीचा फोन रविवारी संध्याकाळी आला. मागे हॉर्न वाजत होते, मध्येच जावयाचा वैतागलेला आवाज. म्हणजे दोघं पुण्याच्या वाटेवर नारायणगावच्या आसपास अडकलेली. शनिवारी सकाळी नाशिक, रविवारी संध्याकाळी परत, असं त्यांचं महिन्यातून दोनदा चालतं.

"मावशी, काल पाथर्डी फाट्याला एक स्कीम बघून आलो. टू बीएचके. 52 लाख म्हणतोय. घेऊ का? तू फक्त हो किंवा नाही सांग."

"कंपनी कोणती?" मी विचारलं.

"बिल्डरची?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, मी काय विचारून बसले ते. 1991 पासून 2020 पर्यंत बँकेत होते, त्यातली बहुतेक वर्षं गृहकर्जाच्या टेबलावर गेली. समोर माणूस बसला की नाव-गाव नंतर, आधी हा प्रश्न. आणि उत्तरावर माझं पुढचं वागणं ठरायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही. 'एचएएल', म्हणजे ओझरचा विमान कारखाना, म्हटलं की मी चहा सांगायची. 'प्रेस', म्हणजे नोटांचा सरकारी छापखाना, म्हटलं की जामीनदाराची फार चौकशी करायची नाही. मायको, महिंद्रा, सीएट, क्रॉम्प्टन. पगारपत्रकावरचं ते छापील नावच निम्मं तारण असायचं. लग्नाच्या बाजारात तरी वेगळं काय होतं? मुलगा काय करतो असं कुणी विचारत नसे, कुठे आहे असं विचारत. 'मायकोत आहे' एवढ्यात शिक्षण, पगार, स्वभाव, सगळं आलं. मायकोचं नाव 2008 मध्ये बॉश झालं, पण त्र्यंबक रस्त्यावरचं मायको सर्कल आमच्यासाठी अजून मायको सर्कलच आहे. काही नावं पगाराच्या पाकिटातून मनात जातात, ती पाटी बदलून जात नाहीत.

भाचीला म्हटलं, "दोन दिवस दे. सांगते."

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले.

नाशिकचा नकाशा मला पेठा आणि वाड्यांनी कधी पाठ झाला नाही, तो पगारांनी झाला. नाशिकरोड आणि जेलरोड म्हणजे प्रेस. सिक्युरिटी प्रेस 1925 ची, नोटांचा छापखाना 1928 चा. तिथल्या चाळी-बंगल्यांत तीन-तीन पिढ्यांनी तीच नोकरी केली. ओझर म्हणजे एचएएल, 1964 पासून मिग विमानं. एकलहरे म्हणजे थर्मल. देवळाली म्हणजे तोफखाना. आणि सातपूर, मागून अंबड, म्हणजे एमआयडीसी. या दोन औद्योगिक वसाहतींच्या मध्ये जी मोकळी जागा होती तिथे सिडकोने नवीन नाशिक वसवलं, एकामागून एक सहा योजना. पत्ता सांगताना लोक अजूनही 'दुसरी स्कीम', 'चौथी स्कीम' असंच म्हणतात. घर कुठे घ्यायचं याचं उत्तर सोपं होतं. कंपनीची बस जिथे थांबते तिथून चालत पाच मिनिटांवर.

अण्णा, म्हणजे माझे वडील, निफाड तालुक्यातून आले. घरची दोन एकर, भाऊ चार. सातपूरच्या एका कंपनीत टर्नर म्हणून लागले आणि कायम झाले त्याच वर्षी सिडकोचा अर्ज भरला. घर म्हणजे दीड खोली, पुढे ओटा, मागे न्हाणी. हप्ता पगाराच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी होता, हे मला त्यांच्या वहीवरून ठाऊक आहे, कारण ती वही मी जपून ठेवलीय. पुढे त्या घरावर एक मजला चढला, मग जिना, मग गॅलरी. त्यातलं काहीही कर्ज काढून झालं नाही. करारातून झालं.

करार हा शब्द बाहेरच्या माणसाला कळायचा नाही. दर तीन-साडेतीन वर्षांनी युनियन आणि व्यवस्थापनाचा वेतनकरार व्हायचा. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात आकडा छापून यायचा, गेटवर गुलाल आणि पेढे. बोलणी वर्षभर लांबलेली असायची, त्यामुळे मागच्या तारखेपासूनचा 'फरक' एकरकमी हातात पडायचा. त्या फरकाने सिडकोचे मजले चढले. आमच्या गल्लीत कुठल्या घराचा स्लॅब कुठल्या कंपनीच्या कुठल्या कराराचा, हे बायका बोटांवर सांगत. समोरच्यांची ग्रिलची गॅलरी दिवाळी बोनसची, आमचा जिना फरकाचा. पवननगरच्या बाजारात करार झालेल्या आठवड्यात भाजी महाग मिळते, असं आई म्हणायची. तिच्या म्हणण्यात तथ्य किती होतं देव जाणे, पण शहराची अर्थव्यवस्था तिला आमच्या शाखेच्या व्यवस्थापकांपेक्षा जास्त कळत होती, हे मी खात्रीने सांगते.

मी कर्जाच्या टेबलावर आले तेव्हा हे जग शाबूत होतं. पगारपत्रक आलं की हिशेब साधा: हातात येणाऱ्या रकमेच्या साधारण निम्म्यापर्यंत हप्ता जाऊ द्यायचा, निवृत्तीपर्यंत वर्षं मोजायची, झालं.

मग पगारपत्रकं बदलायला लागली. एका दिवसात काही झालं नाही. आधी कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात दुसरंच नाव दिसू लागलं, कुठल्यातरी 'एंटरप्रायझेस'चं किंवा 'सर्व्हिसेस'चं. माणूस त्याच गेटमधून आत जायचा, तोच युनिफॉर्म, तीच मशीन, पण पगार ठेकेदाराचा. 'टेम्पररी' हा शब्द जुनाच होता. सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा हजर. पण टेम्पररी माणसाला एक दिवस परमनंट होण्याची आशा असे. कंत्राटी माणसाने ती आशाही फॉर्ममध्ये भरायची सोय नव्हती.

एकदा दोघं मित्र एकत्र आले होते. अंबडच्या एकाच कारखान्यात, एकाच लाइनवर, आळीपाळीने एकच सीएनसी चालवणारे. एक परमनंट, एक ठेकेदाराकडचा. आजच्या आकड्यांत मांडते, म्हणजे समजेल. परमनंटच्या हातात महिना 60 हजार. निम्मे 30 हजार. साडेसात टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 30 हजारांच्या हप्त्यात कर्ज बसतं साधारण 37 लाख. दुसऱ्याच्या हातात 16 हजार. निम्मे 8 हजार. कर्ज बसतं 10 लाखांच्या आत. मशीन एक, माल एक, तपासणारा इन्स्पेक्टर एक. 37 लाखांत नाशिकच्या कडेला का होईना नवं घर मिळतं. 10 लाखांत पार्किंग आणि लिफ्टचा खर्च निघेल. मी त्या दुसऱ्या मुलाची फाईल परत केली. त्याने विचारलं, "मॅडम, मी काम कमी करतो का?" या प्रश्नाचं उत्तर बँकेच्या कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.

तो आता चुंचाळ्याच्या पुढे कुठेतरी गुंठेवारीच्या जागेवर पत्र्याच्या खोलीत राहतो असं ऐकलं. भेटला तर ओळख देईल का, सांगता येत नाही.

म्हणजे नाशिकला रोजगार वाढला की घरांना मागणी वाढेल, हे जे सरळ गणित सगळे मांडतात, त्यात मला पहिल्यांदा अडखळायला झालं ते इथे. कारखाने काही ओस पडले नाहीत. सकाळी सातला पपया नर्सरीच्या चौकात उभं राहून बघा. दुचाक्यांचा लोंढा संपत नाही. पण त्यातल्या किती जणांच्या पगारपत्रकावर हप्ता उभा राहतो, हा प्रश्न वेगळा.

त्यात सगळे डाव एकाच घोड्यावर लावायची आमची जुनी खोड. नाशिकचं लोखंड म्हणजे मुख्यतः गाडीचं लोखंड. स्कॉर्पिओ 2002 मध्ये इथूनच बाहेर पडली तेव्हा सातपूर-अंबडच्या लहान वर्कशॉपवाल्यांनी नव्या मशिनींसाठी कर्जं काढली, आणि मशीनमागोमाग घरांसाठी. 2010 मध्ये पुण्याजवळ चाकणला मोठा प्रकल्प सुरू झाला, मग काही पुरवठादारांनी दुसरं शेड तिकडे टाकलं. 1 एप्रिल 2020 पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-6 नियम आले. जुन्या डिझेल इंजिनांच्या सुट्या भागांवर ज्यांचं पोट होतं त्यांचं काम बदललं किंवा आटलं. नेमका तोच लॉकडाऊनचा एप्रिल. मी त्याच वर्षी निवृत्त झाले. शेवटच्या महिन्यांत माझ्याकडे नवे अर्ज नव्हतेच, हप्ता पुढे ढकलण्याचे होते.

आणि तरीही घरं विकली जात होती! हे कोडं मला बरीच वर्षं सुटत नव्हतं. गंगापूर रोडला, इंदिरानगरला, म्हसरूळला, आडगावला टॉवर उभे राहतात, बुकिंग होतं, आणि माझ्या टेबलावर अंबडची पगारपत्रकं कमी होत चालली आहेत. मग घेतंय कोण?

उत्तर टेबलावरच होतं, मी नीट बघत नव्हते. पगारपत्रकावरचे पत्ते हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, पवई असे झाले होते. मुलगा पुण्यात कमावतो, आई-वडील नाशिकला राहतात, घर वडिलांच्या नावावर, हप्ता मुलाच्या खात्यातून. सहकर्जदार म्हणून सही करायला तो शनिवारी यायचा, म्हणून मी कित्येक शनिवारी दुपारी उशिरापर्यंत थांबले आहे. इथल्या इंजिनीअरिंग कॉलेजांतून दरवर्षी पोरं बाहेर पडतात आणि बॅगा भरतात. अंबडला आयटीसाठी म्हणून बांधलेली इमारत वर्षानुवर्षं रिकामी पडून होती, ती आमच्या शाखेतून येता-जाता दिसायची. पंचवटी एक्स्प्रेस 1975 पासून पहाटेची माणसं मुंबईला नेते आणि रात्री परत आणून सोडते. ते पासवाले तरी रोज घरी झोपायला येतात. पुणेवाले तेही नाही.

दुसरा पैसा शेतातला. बँकेत असताना मला हंगाम कॅलेंडर न बघता कळायचा. जानेवारी ते एप्रिल द्राक्षं गेली की मे महिन्यात दिंडोरी-निफाडकडचे शेतकरी जोडप्याने चौकशीला यायचे. शेतकऱ्याला नाशिकला फ्लॅट हवा असतो तो मुलांच्या शाळेसाठी. बायको आणि मुलं गंगापूर रोडला, तो स्वतः मळ्यात. यांच्याकडे पगारपत्रक नसतं, सातबारा असतो आणि एक प्रकारची निर्धास्ती असते, जी गारपिटीच्या एका दुपारी संपते. कांद्याचं तर विचारूच नका. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली, ती 4 मे 2024 ला उठली. त्या पाच महिन्यांत लासलगावकडच्या माझ्या एका जुन्या खातेदाराने फ्लॅटचं टोकन सोडून दिलं. म्हणाला, "मॅडम, दिल्लीत कुणीतरी सही केली आणि माझी तिसऱ्या मजल्यावरची खिडकी गेली." कांदा आणि पाथर्डी फाट्याचा टू बीएचके यांचा संबंध अर्थशास्त्राच्या पुस्तकात कुठे असेल तर मला दाखवा.

तिसरा पैसा जमिनीचाच. मळा एनए, म्हणजे बिगरशेती झाला, स्कीम उभी राहिली, आलेल्या पैशातून त्याच मालकाने शेजारच्या स्कीममध्ये चार फ्लॅट घेतले, दोन मुलांना दोन, दोन भाड्याला. याला मागणी म्हणायचं का? कागदावर ती मागणीच असते. चौथा मुंबईकर; ठाण्याची एक खोली विकून इथे तीन खोल्या घेणारा, निवृत्त, गुडघे दुखणारा. हवा छान आहे म्हणतो, आणि डॉक्टरची गरज पडली की पुन्हा मुंबईलाच जातो.

म्हणजे चार झऱ्यांचं पाणी, आणि त्यातला एकही झरा सातपूर-अंबडच्या गेटमधून निघत नाही. अण्णांच्या वेळी घराच्या किमतीला शहराच्या पगाराचा लगाम होता. माल विकायचा तर गिऱ्हाईकाच्या खिशात बघून विकावा लागे. आता गिऱ्हाईकाचा खिसा दुसऱ्या गावात शिवलेला आहे. इथल्या कारखान्यात राबणारा, त्याच खिशाच्या मापाने कापलेल्या घराकडे बघत राहतो. माझ्या मते नाशिकच्या घरबाजाराची खरी गोष्ट एवढीच आहे. बाकी सगळी होर्डिंगं.

होर्डिंगांचं मात्र सांगायलाच हवं, कारण त्यांच्यावरही घरं विकली जातात. 1 फेब्रुवारी 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी 2,092 कोटी जाहीर झाले. निओ म्हणे, रबरी टायरची, तारेवरून वीज घेणारी. दुसऱ्या दिवसापासून जाहिरातींत 'प्रस्तावित मेट्रो स्टेशनपासून चालत पाच मिनिटं' असं छापून यायला लागलं. मला त्या 'चालत'चं फार कौतुक वाटतं. स्टेशन नाही, पण अंतर ठरलेलं! आज त्या मेट्रोचा खांबही उभा नाही, पण तेव्हा जो भाव चढला तो काही मेट्रोबरोबर थांबला नाही. नाशिक–पुणे सेमी हायस्पीड रेल्वेचंही तेच. सिन्नरकडे जमिनी घेतल्या गेल्या, मग नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीच्या दुर्बिणींना अडथळा होईल म्हणून मार्गच बदलायचं निघालं. विश्वाच्या पार टोकाकडून येणारे संदेश ऐकणाऱ्या त्या तबकड्यांच्या शेजारीच माझी भाची दर पंधरवड्याला दीड-दोन तास अडकते. तिचा हॉर्न त्यांना ऐकू जात असेल का, असं मला नेहमी वाटतं. सुरत–चेन्नई महामार्ग, राजूर बहुल्याचं आयटी पार्क, सिंहस्थाचा बाह्य रिंगरोड. प्रत्येक नावामागे कुणाचातरी गुंठा महाग झालेला आहे.

सगळं खोटंच असतं असं मात्र नाही. समृद्धी महामार्ग झाला. 701 किलोमीटरचा, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला उघडला. तो नाशिक शहरातून जात नाही, भरवीर-इगतपुरीच्या बाजूने निघून जातो, पण घोटी-इगतपुरीत सेकंड होमच्या पाट्या लागल्या त्या त्याच्याचमुळे. सिंहस्थाचे रस्ते तर हमखास होतात. मागच्या, 2015 च्या सिंहस्थात झालेल्या रिंगरोडच्या दोन्ही कडांना आज काय आहे ते जाऊन बघा. साधू गेले, रस्ते राहिले, रस्त्यांवर स्कीमा आल्या. आताच्या पर्वणीतही तेच होणार. सिंहस्थ नोकरी देत नाही, जमीन उघडून देतो.

नोकरी देऊ शकेल अशी बातमी एकच, आणि ती बिल्डरांच्या जाहिरातीत मला फारशी दिसली नाही. 17 ऑक्टोबर 2025 ला ओझरला तेजस एमके-1ए ची नवी उत्पादन लाइन सुरू झाली आणि इथे जुळवलेलं पहिलं तेजस उडालं. वर्षाला 8 विमानांची क्षमता. 8 म्हणजे किती थोडी, असं वाटेल. पण एका विमानात किती सुटे भाग आणि त्यातले किती बाहेरच्या वर्कशॉपमधून करून घेता येतात, याचा हिशेब अंबडमधले माझे जुने कर्जदार आत्ताच मांडू लागलेत. एकाने विमानाच्या भागांसाठी लागणारं ते गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळवायला घेतलंय, म्हणतो, "मॅडम, गाडीचा भाग बिघडला तर वॉरंटी, विमानाचा बिघडला तर चौकशी." त्याच्याकडे 22 माणसं आहेत. त्यातली दहा त्याला रोलवर घ्यावी लागतील, कारण प्रत्येक भागामागे कुणी, कधी, कुठल्या मशीनवर केला हे लिहून ठेवावं लागतं आणि सात महिन्यांनी ब्रेक घेणाऱ्या माणसाची सही तिथे चालत नाही. मला या एका वाक्यात जेवढा जीव दिसला तेवढा सगळ्या प्रॉपर्टी प्रदर्शनांत मिळून दिसला नव्हता. दहा पगारपत्रकं. खरी.

पण दहाच.

भाचीला सांगायचं राहिलेलं आणखी एक होतं, ते माझ्या स्वतःच्या घराचं. मी बँकेत कर्ज विभागात असून फसले, हे सांगायला अजून लाज वाटते. इंदिरानगरला 2013 मध्ये फ्लॅट बुक केला. बेडरूममध्ये भिंतीतलं कपाट होतं, तेवढी जागा एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या मापात, धरत नसत, म्हणून बिल्डरांनी ती खोलीतच घेऊन टाकली होती. नाशिकभर हेच चाललं होतं. कपाट गेलं, खोली मोठी झाली, विकताना मोठ्या खोलीचे पैसे घेतले. मग महापालिकेने पूर्णत्वाचे दाखले अडवले आणि शेकडो इमारती लटकल्या. 'कपाट प्रकरण' म्हटलं की आजही जुन्या नाशिककराच्या कपाळावर आठी येते. घर तयार, दाखला नाही. दाखला नाही म्हणून बँकेचा शेवटचा टप्पा नाही. म्हणजे मी माझीच फाईल अडवून बसले होते. बिल्डर फोन उचलायचा नाही, आणि उचललाच तर म्हणायचा, "ताई, तुम्हीच बँकेत आहात, काहीतरी करा ना." त्यात 2015 च्या अखेरीस कचऱ्याच्या खतप्रकल्पाच्या कारणावरून हरित लवादाने नव्या बांधकाम परवानग्याच रोखल्या, 2016 ला नोटाबंदी, 2017 ला बिल्डरांवर लक्ष ठेवणारं महारेरा. सगळं सुटता सुटता कागदावरचे 6 मीटरचे रस्ते 9 मीटरचे करून एफएसआय बसवला गेला, आणि डिसेंबर 2020 मध्ये राज्यभराची बांधकामाची एकत्रित नियमावली आली. माझ्या घरासमोरचा रस्ता अजून तेवढाच आहे. कागदावर तो रुंद झाला, मी त्याबद्दल कृतज्ञ आहे. कपाट मात्र शेवटी सुताराकडून करून घेतलं, लाकडी, फिरतं.

तिसऱ्या रविवारी दोघं परत आली तेव्हा मी म्हटलं, "चल, जाऊन बघू या तरी."

वाटेत गाडीतच तिचं गणित मांडलं. 52 लाखांचं घर, 40 लाख कर्ज, साडेसात टक्के, 20 वर्षं: हप्ता 32,224. हेच साडेआठने असतं तर 34,713. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा दर, 2022 च्या मेपासून 4 वरून चढत 6.5 वर गेला होता, 2025 मध्ये उतरत 5.25 वर आला, म्हणून हा अडीच हजारांचा फरक. पण बँकेचा दर रेपोला बांधलेला असतो, उतरला तसा चढतोही, हे तिला दोनदा सांगितलं. बांधकाम चालू असल्याने जीएसटी 5 टक्के, म्हणजे 2 लाख 60 हजार वेगळे. 45 लाखांच्या आतलं आणि 90 चौरस मीटर कार्पेटच्या आतलं असतं तर 1 टक्काच लागला असता. "मग 45 चं बघू?" ती म्हणाली. मी म्हटलं, 45 च्या आतलं बघायला गेलीस की पार्किंगचे, सोसायटीचे, 'इतर'चे पैसे कसे वेगळे निघतात तेही बघशील.

"मावशी, पण राहणार कोण तिथे, हे तू अजून विचारलंच नाहीस."

खरंच विचारलं नव्हतं. सगळे आकडे मांडले आणि हेच राहिलं. ती पुण्याला, जावई पुण्याला, तिची आई, म्हणजे माझी बहीण, सिडकोतलं अण्णांचं घर सोडायला तयार नाही. म्हणते, बस इथेच थांबते. कंपनीची बस बंद होऊन पंधरा वर्षं झाली, पण ते तिला सांगण्यात अर्थ नाही.

"कधीतरी परत येऊच ना," भाची म्हणाली. जावई काही बोलला नाही. सिग्नल हिरवा झाला होता तरी त्याने गाडी जरा उशिराच काढली.

सॅम्पल फ्लॅट छान होता. सगळेच असतात. खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसत होता आणि मधल्या रिकाम्या प्लॉटवर पुढच्या फेजचा बोर्ड होता. म्हणजे डोंगर किती दिवस दिसेल ते कळलंच. महारेराचा नंबर मी मोबाइलवर घालून बघितला, ताब्याची तारीख तपासली, मंजूर नकाशा मागितला आणि पहिली गोष्ट बघितली ती कपाट. सेल्सच्या मुलीला माझं हसू आलं असावं. वय बावीस-तेवीस, गळ्यात ओळखपत्र. बोलता बोलता कळलं, सिडकोतलीच, पाचव्या स्कीममधली. वडील अंबडला. "परमनंट?" मी विचारलं. "नाही, ठेक्यावर," ती म्हणाली. इथे ती स्वतः फ्लॅट विकते तो घेण्याइतकं कर्ज तिच्या घरात कुणालाच मिळणार नाही, हे तिला ठाऊक असणार, पण बोलण्यात त्याचा लवलेश नव्हता. व्ह्यू दाखवताना तिने बाल्कनीचं दार इतक्या अभिमानाने सरकवलं की मी गप्प बसले.

"फक्त चौकशीचा फॉर्म भरून घेते हं, बुकिंग नाही," असं म्हणत तिने टॅब काढला. नाव, मोबाइल, बजेट भरलं. मग मान वर न करताच भाचीला विचारलं,

"हिंजवडी की चाकण?"

भाची म्हणाली, "मी हिंजवडी, हे चाकण."

"दोन्ही टाकते," ती म्हणाली, आणि पुढच्या रकान्याकडे गेली.